मुक्या राखणदाराचे पोट



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा कामगार कायद्याची असावी, निदान कंत्राटी कामगारांच्या प्रश्नाची तरी. आम्ही सांगितले, "कुत्र्याच्या पोटावर बोलू." चालक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपण थट्टा तर करीत नाही ना?" आम्ही थट्टा करीत नव्हतो. तीस वर्षे आम्ही पोटाच्याच प्रश्नावर बोलत आलो आहोत. आजवर ती पोटे बोलक्या माणसांची होती. आज मुक्या जनावराचे पोट घेतले आहे, एवढाच काय तो फरक.

आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे वाचले ते सार्वजनिक ग्रंथालयात, एस्टीच्या प्रवासात आणि संपाच्या मांडवात बसून वाचले. आम्ही पशुवैद्य नव्हे. तेव्हा आम्ही जे सांगू ते डॉक्टरांच्या जागी घेऊ नये. डॉक्टरांकडे जाताना काय बघून जावे आणि परत आल्यावर घरी काय पाळावे, एवढ्यापुरते घ्यावे.

आमचे गाव पासली. वेल्ह्याहून केळदकडे रस्ता जातो, त्या रस्त्यावर डोंगराच्या कुशीत ते आहे. एका बाजूस तोरणा, पुढे मढे घाट. तानाजी मालुसऱ्यांचा देह ज्या वाटेने कोकणात नेला असे सांगतात, तोच हा घाट. पाऊस असा की आवणीच्या दिवसांत घरातले मीठ पाणी होते आणि कणगीतल्या धान्याला बुरशी धरते. पीक भाताचे आणि नाचणीचे. जोडीला चार शेळ्या, एखादी गाय. रानात बिबट्या आहे. म्हणून आमच्याकडे कुत्रा हौसेचा नसतो. तो गोठ्याचा राखणदार असतो, रात्रपाळीचा, आणि तीही बाराही महिने. त्याला पगार नाही, सुट्टी नाही. मजुरी म्हणजे घरातले खरकटे. ज्याची मजुरी उरल्यासुरल्यावर चालते, त्याच्या तक्रारीकडे लक्ष कोण देणार? हे आम्ही कामगारांच्या बाबतीत शंभर सभांतून विचारले. स्वतःच्या पडवीत मात्र विचारले नाही. त्याचीच कबुली आज द्यायची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या घरी काळू नावाचा कुत्रा होता. धिप्पाड, शहाणा. एका पावसाळ्यात त्याचे पोट बिघडले ते सुधारलेच नाही. चार दिवस बरा, आठ दिवस हगवण. खायला दिले तर तुटून पडे, तरी बरगड्या मोजता येऊ लागल्या. कोणी म्हणाले उपास घाला, कोणी म्हणाले हळद घाला. शेजारच्या एकाने माणसाच्या जुलाबाच्या गोळ्या आणून दिल्या, त्याही दिल्या. आई माया करून दूधभात घाली. पडवीत घाण होई, तान्ही मुले रांगत असत. अखेर घरात ठरले की याला घाटाकडे नेऊन सोडावा. घरात थोरले आम्ही, निर्णय आमचा. काळू पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याला नेमके काय झाले होते ते आम्हांस आजही सांगता येणार नाही. परंतु काय बघायला हवे होते ते आज ठाऊक आहे, आणि त्यातले एकही आम्ही बघितले नव्हते.

त्यानंतर खंड्या आला. तो तीन वर्षांचा झाला आणि त्याचेही तेच सुरू झाले. आम्ही तेव्हा कामानिमित्त आठवडाभर शहरात असू आणि शनिवारच्या शेवटच्या गाडीने गावी येत असू. एका शनिवारी धाकट्या भावाची मुलगी दारातच उभी राहिली. म्हणाली, "तात्या, ह्यालापण घाटात सोडणार का तुम्ही?" पोर त्या वेळी सातवीत होती. मालकांच्या वकिलांनी आम्हांस पुष्कळ अवघड प्रश्न विचारले आहेत, पण त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही शिकायला लागलो. जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, जुनाट म्हणजे किती जुने? एखाददुसऱ्या दिवसाचे जुलाब पुष्कळदा आपोआप थांबतात. तीन आठवड्यांहून अधिक काळ, सतत किंवा थांबून थांबून, पोट बिघडत असेल तर डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात आणि त्याची तपासणीही निराळी असते. काही लक्षणांना मात्र एक दिवसही थांबू नये. पिल्लाला रक्ताचे जुलाब व उलट्या होणे, डांबरासारखी काळी विष्ठा, हिरड्या पांढऱ्या पडणे, पोट एकदम फुगून नुसतेच ओकारे येणे, पाणीसुद्धा पोटात न ठरणे, यांतले काही दिसले तर असेल त्या गाडीने दवाखाना गाठावा. पिल्लांचा पार्व्हो नावाचा रोग अशाच रक्ताच्या जुलाबांनी येतो आणि बघता बघता पिल्लू नेतो. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून टोचून घेता येते.

दुसरी गोष्ट, विष्ठेकडे बघायला शिकावे. सभेत हा शब्द काढताना संकोच वाटतो, परंतु आजाऱ्याची बातमी तिथेच असते. बिघाड लहान आतड्याचा असेल तर कुत्रा दिवसातून थोड्याच वेळा बसतो, पण प्रमाण मोठे असते आणि वजन घटत जाते. मोठ्या आतड्याचा असेल तर पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, थोडे थोडे होते. त्यात आव असते, कधी ताज्या रक्ताचा थेंब असतो, वजन मात्र फारसे उतरत नाही. खादाडासारखे खाऊनही हाडे दिसू लागली आणि विष्ठा फिकट, तेलकट, ढीगभर असेल तर स्वादुपिंडाचा पाचकरस कमी पडत असण्याची शंका घ्यावी. त्यासाठी रक्ताची तपासणी असते आणि तो रस भुकटीच्या रूपाने जेवणात मिसळून देता येतो. काळूची लक्षणे आठवली की हे वाक्य आम्हांला आजही टोचते.

तिसरी गोष्ट जंतांची. आहाराच्या गप्पा मारण्याआधी हा हिशेब मिटवावा. आपल्या दमट हवेत कुत्र्याच्या आतड्यात अंकुशकृमी फार. ते आतड्याच्या भिंतीला धरून रक्त पितात. पिल्लाला ते आईच्या दुधातूनच येतात, म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की पहिले जंताचे औषध, पुढे ते अंगावरचे दूध सुटून थोडे मोठे होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, नंतर डॉक्टर सांगतील त्या अंतराने. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते. अंदाजाने अर्धी गोळी देणे म्हणजे जंतांना वाकुल्या दाखवणे होय. शेपटीखाली काकडीच्या बीसारखे किंवा भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर ते चपट्या जंताचे असतात. ते पिसवांतून येतात. पिसवा तशाच ठेवून नुसती गोळी दिली तर महिन्याने पुन्हा तेच. काही बारीक जीव डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणीच लागते.

यात माणसाचाही संबंध आहे, तो विसरू नये. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीत शिरून नागमोडी खाज उठवतात. जंतांची अंडी मुलांच्या हातांतून पोटात गेली तर प्रसंगी डोळ्यापर्यंत पोचतात. आणि आमच्या डोंगरात, जिथे जत्रेला बोकड पडतो आणि धनगरवाड्यावर मेंढरू कापले जाते, तिथे एक गोष्ट पक्की सांगायला हवी. काळजात किंवा फुप्फुसात पाण्याच्या पिशव्या दिसल्या तर तो भाग कुत्र्यापुढे टाकू नये. त्या पिशव्या खाऊन कुत्र्याच्या आतड्यात काही मिलीमीटरचा एक चपटा जंत वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की तशाच पिशव्या माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात होतात. हायडॅटिड म्हणतात तो हाच रोग. असा भाग खोल पुरावा किंवा जाळावा.

आता चौथी गोष्ट, आणि आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. जंत नाहीत, दुसरा मोठा रोग सापडत नाही, तरीही पोट बिघडलेलेच, असे कुत्रे पुष्कळ असतात. त्यांतले निम्म्याहून अधिक केवळ आहार बदलल्याने सुधारतात, असा पशुवैद्यांचा अनुभव आहे. सुधारणा दिसायची असेल तर बहुधा दोन आठवड्यांत दिसू लागते. मग लोकांना गुण का येत नाही? कारण आहार बदलणे याचा अर्थ आपण चुकीचा घेतो. सोमवारी दहीभात, मंगळवारी दूधभाकरी, बुधवारी पाव, गुरुवारी कोणी सांगितले म्हणून आणखी काही, याला आहार बदलणे म्हणत नाहीत. बदल एकच करायचा आणि त्यावर टिकायचे.

आतड्याचे थोडे सांगतो. आतड्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. ज्या माउलीने विरजण लावले आहे तिला हे सहज पटेल. चांगल्या विरजणाने दही लागते, बिघडलेल्याने दूध नासते. हे जीव अन्नातला चोथा आंबवून त्यापासून आम्ल तयार करतात आणि मोठ्या आतड्याचे अस्तर त्यावर पोसते. त्यांतले काही पित्तरसाचे रूप बदलतात आणि तो तोल सांभाळतात. तोल गेला की जुलाब सुरू राहतात. म्हणूनच प्रत्येक हगवणीला प्रतिजैविकाची गोळी हा उपाय नव्हे. ती गोळी वाईट जीवांबरोबर कामाचे जीवही मारते आणि ते परत नांदायला काही आठवडे लागतात. डॉक्टरांनी बघून दिली तर द्यावी. औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणून देऊ नये.

कुत्र्याला भात-भाकरी पचत नाही, त्याला मांसच हवे, असेही सांगणारे भेटतात. 2013 साली स्वीडनमधील उप्सालाच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांचे अनुवंश ताडून पाहिले. पिष्ट पचवणाऱ्या रसाच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडल्या. याचा अर्थ असा की माणसाच्या चुलीपाशी बसून कुत्रा माणसाचे धान्य पचवायला शिकला. हजारो वर्षे त्याने आपली भाकरी खाल्ली आणि त्या भाकरीने त्याला बदलले. तेव्हा शिजवलेला भात त्याला परका नाही. परंतु नुसता भात पुरेसा नाही, आणि आपल्या ताटातले सगळेच त्याला चालते असेही नाही.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्रा कोरडी भाकरी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. त्या भक्तीला तोड नाही. परंतु ज्याचे पोट जुनाट बिघडले आहे त्याच्यामागे तूप घेऊन धावू नये. तेलकट-तुपकट खाण्याने अशा कुत्र्याचे जुलाब वाढतात, कधी स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतते. माया करायची ती वाटी हातात ठेवून करावी.

डॉक्टरांनी खंड्याला तपासले, जंतांचे औषध दिले, विष्ठा तपासून घेतली. मग म्हणाले, "आता एकच अन्न. त्याने आजवर न खाल्लेले एक प्रथिन आणि भात. दुसरे काही म्हणजे काहीही नाही." अंडी आमच्याकडे विकायला जात, खंड्याच्या वाट्याला ती कधी आली नव्हती. ठरले की मऊ भात आणि उकडलेले अंडे, त्यात चमचाभर शिजवलेला लाल भोपळा. मीठ, तेल, मसाला नाही. दिवसातून एकदा पोटभर देण्याऐवजी तीन वेळा थोडे थोडे. पाणी उकळून गार केलेले. थाळी एकच, जर्मनची, रोज घासलेली. ज्यांच्या कुत्र्याचा त्रास मोठ्या आतड्याचा असतो त्यांना डॉक्टर थोडे इसबगोलही सांगतात. ते भरपूर पाण्यात भिजवून द्यावे.

आणि एक वही. ही कल्पना मात्र आमची. पूर्वी एका कारखान्यात कँटीनच्या जेवणाने कामगार आजारी पडत, आणि व्यवस्थापन म्हणे की हे बाहेरचे खाऊन येतात. आम्ही तेव्हा महिनाभर मस्टर ठेवले. कोण, कोणत्या दिवशी, काय खाऊन आजारी पडला, ते रोज लिहिले. महिन्याअखेर ते टेबलावर ठेवल्यावर वाद उरला नाही. तीच रीत आम्ही पुतणीला शिकवली. तारीख, काय खाल्ले, कोणी दिले, शौच किती वेळा आणि कसे. पोरीने दोरीने पेन्सिल बांधून वही पडवीत टांगली.

पहिल्या आठवड्यात फरक दिसला. आईचा दूधभात बंद झाला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला, पण खंड्या सुधारू लागला. आम्ही शनिवारी येऊन वही बघितली आणि समाधान पावलो. दुसऱ्या आठवड्यात मात्र सोमवारी आणि मंगळवारी पुन्हा जुलाब. बुधवारनंतर बरा. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सोमवार-मंगळवार. आम्ही घरच्यांना धारेवर धरले. कोणी चोरून देते आहे असे म्हणालो. पावसाळ्यात घाट बघायला येणारे लोक गाडीतून कुत्र्यांपुढे काहीबाही टाकतात, त्यांनाही दोष दिला. पुतणी काही बोलली नाही. तिने वही आणून आमच्यापुढे ठेवली. कोणी दिले या रकान्यात प्रत्येक रविवारी तिने लिहिले होते, "तात्या, बिस्किटे."

बंधूंनो, खरी गोष्ट अशी की शनिवारी एस्टी स्टँडवर बिस्किटांचा पुडा घेऊन येण्याची आम्हांस सवय होती. खंड्या फाट्यापर्यंत घ्यायला येई, आणि दोन-चार बिस्किटे देण्याने काय होते, असे आम्हांस वाटे. रविवारभर पुडा संपेपर्यंत ते चाले. पुड्यावर छापलेले वाचले, तर त्यात दुधाची भुकटी. सगळ्या घरावर चौकशी बसवणारे आम्ही, आणि मस्टरात सापडलो आम्हीच. त्या पोरीने आम्हांस त्यावर एक शब्द ऐकवला नाही, हा तिचा मोठेपणा.

बिस्किटे बंद झाली. सहा आठवडे नियम पाळला. विष्ठा बांधून होऊ लागली, अंगावर मांस धरले, केस चमकू लागले. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून एका वेळी एकच जिन्नस परत आणला. आधी नाचणीची भाकरी. आठवडा गेला, काही झाले नाही. मग साधे उकडलेले कोंबडीचे मांस, तेही चालले. मग थोडे दूध. दुसऱ्याच दिवशी पोट बिघडले. पुन्हा बंद, पुन्हा बरे. अशी फिर्याद सिद्ध झाली. बहुतेक मोठ्या कुत्र्यांना दुधातील साखर नीट पचत नाही, आणि काहींना दुधातले प्रथिनच सोसत नाही. खंड्याला दूध कोणत्याही रूपात चालत नव्हते, आणि आम्ही त्याला तेच मायेने घालत होतो. आई सकाळी, आम्ही रविवारी.

येथे एक सांगितले पाहिजे. भात आणि अंडे हे आजारपणाचे पथ्य आहे, जन्माचे जेवण नव्हे. त्यात चुन्याचा अंश आणि इतर क्षार पुरे पडत नाहीत. घरचेच अन्न कायम द्यायचे असेल तर पशुवैद्याकडून क्षार आणि जीवनसत्त्वांची जोड ठरवून घ्यावी. तयार खाद्य परवडत असेल तर तेही चांगले. पण एका खाद्यावरून दुसऱ्यावर एका दिवसात उडी मारू नये. सात ते दहा दिवस जुन्यात नवे थोडे थोडे वाढवीत जावे. आतल्या विरजणाला सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

काही जिन्नस मात्र आजारी असो वा धडधाकट, कुत्र्याला देऊच नयेत. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की रश्शातले. त्यांनी रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आपल्या प्रत्येक कालवणात ते असतात, म्हणून कालवण कालवलेला भात हे कुत्र्याचे अन्न नव्हे. द्राक्षे आणि मनुका. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट. झायलिटॉल नावाचा गोडवा घातलेले बिनसाखरेचे पदार्थ. शिजवलेली हाडे, कारण ती सुयांसारखी चिरफाळतात. आणि माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या. माणसाला आराम देणारी गोळी कुत्र्याच्या जठरात व्रण पाडू शकते.

या यादीत बुरशी लागलेले धान्यही आहे, आणि त्यावर दोन शब्द अधिक बोलतो. आमच्याकडे म्हणण्याची रीत आहे की माणसाला नको ते कुत्र्याला घाला. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांत अवकाळी पावसाने मका भिजला, त्याला बुरशी धरली. गरिबांच्या घरी दुसरे धान्य नव्हते, तोच मका खाल्ला गेला. बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाने यकृते निकामी झाली. सुमारे 400 माणसे आजारी पडल्याची नोंद आहे, आणि त्यांतली 100 हून अधिक दगावली. त्या घरांतले कुत्रे तोच मका खात होते. त्यांचीही पोटे पाण्याने फुगली आणि तेही मेले. कणगी एक, विष एक. म्हणून कुत्र्याच्या थाळीत जे पडते ते आपल्या घराचेच वर्तमान असते. आपल्याला नको म्हणून काळी पडलेली भाकरी त्याला घालणारा त्याच्यावर उपकार करीत नाही, आणि कणगीला बुरशी लागली हे ध्यानात न घेणारा स्वतःचाही घात करतो.

सगळेच कुत्रे आहाराने बरे होतात असे नाही. काहींच्या आतड्याला आतून सूज असते आणि त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली सूज उतरवणारी औषधे महिनोनमहिने लागतात. काहींच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व उतरते, त्याची इंजेक्शने द्यावी लागतात; ते भरून काढले नाही तर इतर उपायही लागू पडत नाहीत. पथ्य नीट पाळूनही गुण आला नाही तर स्वतःला दोष देत बसू नये. वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे. आम्ही ज्या डॉक्टरांना भेटलो ते म्हणाले, "रोगी बोलत नाही आणि मालकाला आठवत नाही. अशी वही कोणी आणली तर माझे अर्धे काम होते."

आपल्या राज्यात ही विद्या नवी नाही. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय 1883 सालचे, आणि मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालचे. आमच्या भागाला जवळ म्हणजे शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. त्याला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे, याचा चळवळीतल्या माणसाला अभिमान वाटतो. तालुक्याला गुरांचा दवाखाना असतो. तिथे गाईम्हशींचा क्रम आधी लागतो, ते समजण्यासारखे आहे. पण विष्ठेची साधी तपासणी करायला एक सूक्ष्मदर्शक आणि एक जाणता माणूस लागतो. गोठ्याचा राखणदार तिथवर आणला तर त्याला परत पाठवू नये, एवढी मागणी आपण गावकऱ्यांनी मिळून करायला हरकत नाही. मागणी कशी करावी हे विचारायला आमच्याकडे या. त्याचे शुल्क नाही.

शेवटी ज्या एका गोष्टीसाठी आम्ही येथे उभे राहिलो, ती सांगून थांबतो. खंड्याच्या घरात त्याच्यावर माया करणारे सहा जण होते आणि सहाही जण आपापल्या मनाने त्याला खाऊ घालत. त्याच्या पोटाची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती. जुनाट दुखणे वाढते ते याच फटीत. ते औषधाच्या किमतीहूनही शिस्तीच्या अभावाने अधिक वाढते. थाळी एकाच्या हाती द्यावी, अन्न एक ठरवावे, आणि जे पडेल ते खरे लिहून ठेवावे, देणारा घरातला थोरला असला तरीही. चळवळीत आम्ही हे तत्त्व दुसऱ्यांना शिकवीत असू. स्वतःच्या पडवीत ते आम्हांस एका शाळकरी मुलीने शिकवले.

खंड्या आता म्हातारा झाला आहे. कान कमी झाले, पण गोठ्याच्या तोंडाशीच निजतो. शनिवारी आम्ही गाडीतून उतरतो तेव्हा तो अजूनही फाट्यावर येतो आणि आमच्या पिशवीला नाक लावतो. आम्ही दोन्ही हात उघडून दाखवतो. तो थोडा वेळ बघतो आणि पुढे चालू लागतो. काळूला मात्र कोणी एक आठवडासुद्धा वही ठेवून बघितले नाही, ही गोष्ट त्या फाट्यावर दर शनिवारी आठवते. आपल्यापैकी कोणाच्या दारात असा एखादा काळू आज असेल, तर त्याला सोडून येण्याआधी तीन आठवडे त्याच्याकडे नीट बघा, एवढीच विनंती.